अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा

दोनशे एकोणचाळीस हा आकडा मी शोधला नव्हता. हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

राज्यांची नवी वाटणी झाली, विदर्भ मराठी मुलखाकडे गेला आणि आम्ही बुऱ्हाणपूरकर इकडे हिंदी राज्यातच राहिलो. मी शिकवायचो त्या शाळेत हिंदी आली, पाठोपाठ नवे हेडमास्तर आले. वरच्या वर्गांचं गणित माझ्याकडे ठेवायचं की हिंदीत शिकवणाऱ्याला द्यायचं, हे ते ठरवणार होते. शनिवारी मधल्या सुट्टीत त्यांनी फळ्यावर सात एकं ओळीनं लिहिली.

"आप मराठी लोग पहाड़े तो खूब गाते हैं. बताइए, यह किसी से कटती है?"

मी तीसपर्यंत भाग लावून पाहिले, कशानंच पूर्ण भाग जाईना; ठणकावलं, "नहीं कटती."

"तो सोमवार को सबके सामने सिद्ध कीजिए."

आम्हाला पाढे तीसपर्यंतच पाठ. त्यापुढे काही आहे असं कधी वाटलंच नव्हतं.

आम्ही जैनाबादला राहायचो. चौथीपुढची शाळा नदीपलीकडे, म्हणून लहानपणी थोरल्या बहिणीला, अक्काला, चौथीनंतर घरी बसवलं; मला मात्र नावेत बसवून पाठवलं. रविवारी ती तुरी निवडत होती. मी सगळं सांगितलं तशी हसली.

"तीसला थांबला तू. संख्या थांबली का, भाऊ?"

तिनं पाटी ओढली. जो आकडा दुसऱ्या कुणाच्या पाढ्यात येतो तो सोडायचा, उरलेल्यानं भागायचं, बाकी उरली की ओल्या फडक्यानं पुसायचं. एकतीस, सदतीस, एक्केचाळीस... तुरी तशाच पडल्या. दुपार कलली तेव्हा दोनशे एकोणचाळीसला ती ओरडली, "गेला! पूर्ण गेला!" आम्ही दोघं अंगणात लहान पोरांसारखे नाचलो.

सोमवारी प्रार्थनेनंतर मी फळ्यावर चार हजार सहाशे एकोणपन्नासला दोनशे एकोणचाळीसनं गुणलं. शेवटची बेरीज उजवीकडून सुरू केली. एककात एक. दशकात अकरा: एक लिहिला, एक हातचा. शतकात एकवीस: पुन्हा एकच. मग पोरंच ओरडू लागली, "एक! एक!" सातवा एक मांडला आणि सगळी शाळा टाळ्यांनी दणाणली. शनिवारी आपणच चुकलो होतो, हे सांगतानाही माझी मान ताठ होती.

हेडमास्तरांनी पाठीवर थाप मारली. "हारा मैं, मास्टरजी. सोचा था, आपसे नहीं निकलेगा. गणित आपके पास ही रहेगा. निकाला कैसे?"

"घर पर बैठकर," मी म्हणालो. खोटं नव्हतं. कोण बसलं होतं, ते सांगितलं नाही.

संध्याकाळी नावेतून उतरलो तर अक्का काठावर उभी. "काय म्हटले रे?"

"हरलो म्हणाले."

तिचा चेहरा असा उजळला की पुढचं विचारायचं तिला सुचलंच नाही. तो आनंद आठवला की आजही छाती फुगते, आणि लगेच मान खाली जाते.

अक्कानं पन्नाशी ओलांडली आहे. मी त्याच शाळेत त्याच गणितावर नाव कमावलं. तिला तिथे नेऊन, सगळ्यांसमोर, हे हिनं सोडवलं असं म्हणणं माझ्याकडून बाकी आहे.