कोनाड्यातला पेला

आमच्या राहू गावात कुणाचं डोकं फिरलं की लोक पोलिसांकडं नाही, आधी मलेरियावाल्या आप्पांकडं पळायचे. आप्पा आरोग्य खात्यातले. घरोघर तापाची चौकशी करायची, बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा आणि दारावर तारीख लिहायची, एवढंच त्यांचं सरकारी काम. बाकीचं त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं. "मानूस आधीच भ्यालेला असतोय. खाकी बघून आनखी बिथरतोय," म्हणायचे.

त्यांची एक रीत होती. सायकल लांब लावायची, चपला काढायच्या आणि दगड घेऊन उभ्या असलेल्या माणसापुढं खुशाल जमिनीवर बसकण मारायची. मग म्हणायचे, "लई लांबनं आलोय बाबा. घोटभर पानी दे की." कधी शिव्या खायचे, कधी तासभर नुसते बसून राहायचे. पण माणूस पाणी आणायला वळला की हातातला दगड खाली पडायचाच. त्याच्या हातचं पाणी पिऊन आप्पा त्याला एसटीनं पुण्याच्या डॉक्टरांकडं घेऊन जायचे.

माझ्या थोरल्या भावानं, दादानं, एका सकाळी अंगणात कोयता उगारला. शेजारी ओरडले, "गुरुजी, आप्पांना बोलवा!" मी गेलो नाही. कारण सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. आप्पा बौद्धवाड्यातले. आले असते तर त्यांनी पाणी मागितलं असतं, आणि दादानं घरातला तांब्या पुढं केला असता. आमच्याकडं त्यांच्यासाठी ओसरीच्या कोनाड्यात वेगळा पेला असायचा. आईनं माझ्याकडं पाहिलं, आणि शाळेत समतेचा धडा शिकवणाऱ्या मी एसटीडी बूथवरून पोलिसांना फोन लावला.

त्यांनी दादाला दोरीनं बांधून जीपमध्ये घातलं. सारं गाव बघत होतं. "धाकल्या, मला सोडव रं," तो ओरडत राहिला. मी खाली मान घालून उभा.

आप्पांना कळलं तसे ते न बोलावता चौकीवर गेले. दादाजवळ फरशीवर बसले. दोर सोडायला लावला, त्याला पुण्याला नेलं आणि महिन्याभरानं हाताला धरून दारात आणून सोडलं. "मला निरोप का न्हाई धाडला, गुरुजी?" एवढंच विचारलं. आईनं पाणी आणलं. कोनाड्यातल्याच पेल्यातून! मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी तिला अडवलं नाही. आप्पा पाणी प्याले, पेला विसळून जागेवर ठेवला, सवयीनं दारावर तारीख लिहिली आणि गेले.

दादा सगळं बघत होता. आप्पांची पाठ फिरली तसा त्यानं तो पेला उचलला, माठात बुडवला आणि गटागटा पाणी प्याला. आईनं नुसता आकांत मांडला. तेव्हापासून तो त्याच पेल्यानं पाणी पितो.

निवृत्त झाल्यावर आप्पा शिरूरला लेकीकडं राहायला गेले आणि तिथंच वारले. मी भेटायला गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार होतो? आता आईही नाही, घरात कुणी काही म्हणणारं उरलेलं नाही. दादा अधूनमधून तो पेला भरून माझ्यापुढं धरतो. म्हणतो, "घे की, धाकल्या."

मी म्हणतो, तहान नाही.