सोनेरी अक्षरांतलं गाव

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शिरलं, की डाव्या हाताला काचेचं एक कपाट आहे. माजी विद्यार्थ्यांचे पीएच.डी.चे प्रबंध त्यात ठेवलेले असतात. आजवर एकतीस झाले. काळी रेक्झिन, पाठीवर सोनेरी अक्षरं: नाव, विषय, वर्ष आणि सगळ्यात खाली गाव. बदनापूर. घनसावंगी. परतूर. गाव लिहायचा नियम कुठलाच नाही. तो राजानंदमामांचा.

मामा ग्रंथालयाचे शिपाई. सव्वीस वर्षं फाटकी पुस्तकं बांधतायत. पितळी अक्षरं लाकडी मुठीच्या साच्यात बसवायची, शेगडीवर तापवायची, खाली सोनेरी कागद धरून दाबायची. हात किंचित हलला तर अक्षर दुहेरी उमटतं. मामांचं तसं उमटलेलं मी कधी पाहिलं नाही.

गाव कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. मामा खळ ढवळत म्हणाले, "इथं खेड्यावरच्या पोरायला नावानं कोण हाका मारत होतं? 'ए परतूर, सरक तिकडं.' 'ए घनसावंगी, चहा आण.' पोरं मान खाली घालायची. मंग म्या म्हन्लं, ज्या नावानं खिजवलं तेच सोन्यात काढू."

रूपालीलाही पहिल्या वर्षी 'ए अंतरवाली' अशीच हाक ऐकावी लागली होती. अंतरवाली सराटीहून आलेली, वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी. कापसाच्या पानांवरच्या बुरशीवर तिनं सहा वर्षं काम केलं. वसतिगृहातल्या आमच्या खोलीत खिडकीत पानं वाळत असायची आणि मी ती चुकून केरात टाकली की दोन दिवस अबोला.

प्रबंध जमा करायची शेवटची तारीख आली. एरवी विद्यापीठाच्या प्रती लोक बाजारात बांधून घेत. मामांकडे यायची ती फक्त कपाटाची प्रत. रूपालीनं मात्र सहाही मामांकडेच दिल्या, पाच विद्यापीठाच्या आणि एक कपाटाची. सकाळी दहाला आम्ही त्या घ्यायला गेलो. मामांनी गठ्ठा पुढे केला. रूपालीनं एकेक प्रत उलटून पाठ पाहिली.

सहाही प्रतींवर खाली झळकत होतं: अंतरवाली सराटी.

"मामा, विद्यापीठाच्या प्रतींवर गाव चालत नाही. नमुना ठरलेला आहे. परत पाठवतील."

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सवयीनं झालं गं. हातानं केलं, डोक्याला इचारलंच न्हाई."

नवे पुठ्ठे चढवून वाळेपर्यंत संध्याकाळ झाली असती. पाचनंतर विद्यापीठाची प्रबंध घ्यायची खिडकी बंद. मामांनी पिशवीत खळीचा डबा, रेक्झिनचे तुकडे आणि कात्री टाकली. "चला. त्यायनं न्हाई म्हन्लं तर तिथंच बसून करतो."

"मामा, रजा?"

"सव्वीस वर्षांत पोरायचे एवढे परबंध बांधले, इद्यापीठ बघितलं न्हाई. आज बघतो."

बसमध्ये मामा गठ्ठा मांडीवर घेऊन बसले. बाजूच्या बाईनं "भाऊ, खाली ठेवा की" म्हटलं, तर म्हणाले, "खाली ठेवायची चीज न्हाई ही."

पावणेतीनला आम्ही खिडकीशी पोचलो. आतल्या साहेबांनी प्रत हातात घेतली, पाठ पाहिली.

"हे काय? गाव कशाला? हे गाव तर टीव्हीवर दिसतं."

"आता पीएच.डी.तबी दिसंल," रूपाली म्हणाली. मी तिच्या पायावर पाय दिला.

साहेब हसले, पण प्रती परत सरकवल्या. "काढून आणा. पाचच्या आत."

"चूक माझी हाये साहेब," मामा म्हणाले. "पोरीची न्हाई."

बाहेर पायरीवर कडुनिंबाच्या सावलीत मामांनी कागद पसरला. बोटभर रुंदीच्या काळ्या पट्ट्या कापल्या, खळ लावली आणि एकेका गावावर चिकटवून अंगठ्यानं दाबल्या. पाच वेळा. मान वर केली नाही. जी अक्षरं काढायला आयुष्य घातलं, ती स्वतःच्याच हातानं झाकत होते.

पट्ट्या सुकल्यावर रूपालीनं पहिल्या प्रतीच्या पाठीवरून बोट फिरवलं. मग मामांचा हात धरून तिथं टेकवला.

"लागतंय का?"

तापलेल्या पितळानं रेक्झिन खोल दबलं होतं. पट्टीही त्यात बसली होती.

"लागतंय की," मामा म्हणाले. "आख्खं सराटी लागतंय."

चार वाजून वीस मिनिटांनी साहेबांनी प्रती ठेवून घेतल्या. मग पोच लिहायला घेतली. नाव, विषय, प्रतींची संख्या. पेन थांबलं.

"मुक्काम पोस्ट?"

रूपाली बोलायच्या आत मामा खिडकीशी सरकले. अगदी सावकाश, एकेक अक्षर तोलून त्यांनी सांगितलं, "अंतरवाली सराटी. तालुका अंबड. जिल्हा जालना."

साहेबांनी लिहिलं, शिक्का मारला. मामांनी पोच उन्हात धरून वाचली, दोनदा.

"बराबर लिहिलंय," ते म्हणाले आणि रिकामा डबा पिशवीत टाकून बसस्थानकाकडे आमच्या पुढे चालू लागले.