काकासाहेब घसरले तो उतार

बोरदरीचा कडुबा कोतवाल खोटं बोलत नसे. यात त्याची थोरवी काही नव्हती, त्याला ते जमतच नसे. पंचवीस वर्षं त्यानं तलाठ्याची दप्तरं उचलली, नोटिसा वाटल्या, दवंड्या दिल्या. एकदा तहसीलदार अचानक आले आणि म्हणाले, "तलाठी कुठंयत?" कडुबानं सरळ सांगितलं, "आत झोपलेत." मागाहून तलाठी डोक्याला हात लावून म्हणाले, "अरे बाबा, फिरतीवर गेलेत म्हणायचं." कडुबा म्हणाला, "म्हणतो की. तुम्ही फिरतीवर जा, मी म्हणतो." असल्या माणसाला नोकरीतून सुखरूप रिटायर व्हायला मिळालं, हेच नशीब म्हणायचं.

तर ही बोरदरी दौलताबादच्या अलीकडं, वाळूजकडं जाणाऱ्या डांबरी रस्त्याला लागून. शेजारी चिंचखेडा आणि डोणवाडी. शहर सरकत सरकत दाराशी आलं, तेव्हा सरकारनं ही तिन्ही गावं जोडून एक नगरपालिका केली. नाव कुणाचं द्यायचं यावर तीन महिने तोंडं वाजली आणि शेवटी तिघांचंही द्यायचं ठरलं. पाटी इतकी लांबली की भिंत पुरली नाही. 'नगरपालिका' हा शब्द कोपऱ्यावरून वळवून संडासाच्या बाजूला लिहावा लागला. समोरून आलेल्या माणसाला नुसती तीन गावं दिसत आणि बाजूनं आलेल्याला संडासावर नगरपालिका. दोन्ही पाहिलेला माणूस गावातलाच असणार, हे नक्की.

आता एक झालेल्या गावांचा विकास आराखडा करायचा, तर आधी नकाशा पाहिजे. कुठं काय आहे ते जागेवर जाऊन बघायचं आणि रंग भरायचे. घराला पिवळा, दुकानाला निळा, शाळा-दवाखान्याला लाल, शेताला हिरवा. हे काम अमृता मॅडमकडं आलं. पोरगी तिशीच्या आतली, हातात टॅब, आणि कामाला इतकी चोख की तक्त्यातला एक रकाना रिकामा राहिला तर तिला जेवण गोड लागायचं नाही. तिला गाव दाखवायला माहीतगार माणूस हवा होता. सगळ्यांनी कडुबाकडं बोट केलं.

कडुबा लगेच तयार झाला, कारण त्याला त्या नकाशावर एक वाट पाहिजे होती.

ती वाट म्हणजे बौद्ध वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंतची. काकासाहेबांच्या शेताच्या कडेनं, बाभळीखालून जाणारी. कडुबाचं लग्न झालं तेव्हा लीलाबाई त्याच वाटेनं बैलगाडीत बसून आली. पण काकासाहेब, म्हणजे गावचे जुने सरपंच आणि मनातल्या मनात आत्ताचे नगराध्यक्ष, त्यांना जमिनीचे प्लॉट पाडायचे होते. त्यांनी वाटेवर दगड टाकले आणि "इथं कधी रस्ता नव्हताच" असं जो भेटेल त्याला सांगत सुटले. गेल्या श्रावणात लीलाबाई ओट्यावरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. अँब्युलन्स डांबरीवर उभी राहिली. चौघांनी बाज उचलली आणि दगडांवरून, काट्यांतून अर्धा किलोमीटर नेली. लीलाबाई बाजेवरून ओरडत होती, "मेल्यावर न्या रं या वाटंनं, तवा दुखणार नाय." बाकीचे हसले. कडुबाला हसू आलं नाही. बायकोचं ओरडणं त्याच्या कानातून महिनोन्महिने गेलं नाही, आणि आपण पंचवीस वर्षं सरकारच्या दारात उभं राहून बायकोला दारापर्यंत गाडी आणू शकलो नाही, याची त्याला लाज वाटली.

पाहणी सुरू झाली. अमृता मॅडमच्या तक्त्यात 'स्थानिक प्रचलित नाव' असा एक रकाना होता. आजवर तो कुणी भरला नसेल. पण एकीकडं रकाना रिकामा न सोडणारी बाई आणि दुसरीकडं खोटं न बोलणारा माणूस, मग काय, गंगेत घोडं न्हालं.

"या विहिरीला काय म्हणतात, मामा?"

"सांडूची म्हैस बुडाली ती विहीर."

"आणि हे झाड?"

"मेहरुन्निसा चाचीनं तलाठ्याला झापलं ते लिंब."

मॅडम टाइप करत गेल्या. पुढं एका मोकळ्या जागेत नुसतीच पाटी उभी होती, 'व्यायामशाळा'. मॅडमनी विचारलं, "व्यायामशाळा कुठाय?"

"पाटी हाय. व्यायामशाळा नाय."

"मग मी रंग कशाला लावू?"

"पाटीला लावा," कडुबा म्हणाला. मॅडमनी बराच विचार करून नावाच्या रकान्यात 'न झालेली व्यायामशाळा' लिहिलं.

तिसऱ्या दिवशी दोघं वाटेच्या जागी आले. वाट नव्हती. काकासाहेबांनी आदल्याच दिवशी ट्रॅक्टर घालून सगळी पट्टी नांगरून टाकली होती, वर हरभरा पेरला होता. दगड मात्र नीट उचलून बांधावर रचले होते, जसं काही कधी काही झालंच नाही.

"इथं वाट व्हती, मॅडम."

अमृतानं टॅबवर उपग्रहाचा फोटो मोठा केला. बाभळीच बाभळी. "मामा, फोटोत दिसत नाही, रेकॉर्डला नाही, जागेवर पण नाही. मी रस्ता कसा दाखवू? आराखडा लागला की हरकत घ्या." तिला वाईट वाटलं होतं, पण हात रकान्यापाशी थांबला होता. "या जागेला नाव आहे का काही?"

कडुबा बांधावर रचलेल्या दगडांकडं बघत होता. तरी नाव विचारलं तर सांगायलाच पाहिजे. "व्हय. काकासाहेब घसरले तो उतार."

आणि ते खरंच होतं. वीस वर्षांपूर्वी सरपंचकीचा प्रचार करत काकासाहेब वाजतगाजत वस्तीवर निघाले होते. पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात हार. बाभळीपुढच्या उतारावर पाय सटकला आणि काकासाहेब बसल्या बसल्या थेट वस्तीतल्या विहाराच्या पायरीपर्यंत आले. ढोलवाल्याला वाटलं, कार्यक्रमातच आहे. त्यानं ठेका वाढवला. काकासाहेब चिखलात बसूनच हात जोडून मतं मागायला लागले, आणि गंमत म्हणजे निवडूनही आले.

दोन महिन्यांनी नकाशा त्या सगळ्या नावांसकट छापून आला आणि नगरपालिकेच्या भिंतीवर लागला. अख्खं गाव बघायला लोटलं. मेहरुन्निसा चाची चष्मा लावून आली, आपलं लिंब सापडेपर्यंत हलली नाही, आणि सापडल्यावर म्हणाली, "अक्षरं इत्ती बारीक कायकू?" सांडू मात्र रडकुंडीला आला. म्हणाला, "म्हैस पोहून बाहेर आली व्हती." त्यावर कडुबा म्हणाला, "आली व्हती, पण आधी बुडाली व्हती."

काकासाहेब शेवटी आले. लोकांनी आपोआप वाट करून दिली आणि तोंडं दाबून धरली. काकासाहेबांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कडुबाच्या नावानं शिमगा केला. दुसऱ्या दिवशी वकिलाकडून टाइप करून हरकत आली: नाव बदनामीकारक असून तात्काळ वगळावे. कडुबानंही हरकत दिली, हातानं लिहून: वस्तीची वाट दाखवावी.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात होती. नगररचनेचे साहेब मधोमध, बाजूला लिहिणारा क्लार्क, कोपऱ्यात अमृता मॅडम. कडुबाचा नंबर एक्केचाळीस, काकासाहेबांचा बेचाळीस, सगळ्यात शेवटचा. लीलाबाई काठी टेकत नवऱ्याबरोबर आली होती. "तुमी यकटे गेले तर सगळं खरं सांगून वाटोळं कराल," असं तिचं म्हणणं.

साहेब कडुबाला म्हणाले, "रस्त्याचा पुरावा काय?"

"मी चाललोय साहेब. चाळीस वर्षं."

"कागद?"

"कागद नाय. पाय हायेत."

साहेब हसले नाहीत. दमलेला माणूस होता, सकाळपासून चाळीस हरकती ऐकल्या होत्या. "बाबा, जागामालक म्हणतो रस्ता नव्हता. जागेवर हरभरा आहे. नुसत्या तुमच्या सांगण्यावर कसा दाखवू?" क्लार्कनं 'पुरावा नाही' असं लिहिलं. कडुबा खाली बसला. लीलाबाईकडं बघायची त्याची हिंमत होईना. ती काठीच्या मुठीवर बोटं घट्ट आवळून बसली होती.

"बेचाळीस."

काकासाहेब उठले. कडक इस्त्री, कपाळावर आठी. "साहेब, हे नाव काढा. ही बदनामी आहे."

"घसरला होतात का?" साहेबांनी विचारलं. प्रश्न साधा होता, पण मागच्या बाकावर कुणाला तरी खोकला आला.

"घसरणं आणि घसरणं यात फरक असतो, साहेब. मी काय एकटा घसरलो? त्या वाटेवर सगळं गाव घसरतं. आज नाही, तीस-चाळीस वर्षं घसरतंय. तलाठी घसरला. शाळेची मास्तरीण घसरली. वस्तीची पोरं रोज घसरत शाळेत जातात. मग माझ्या एकट्याचं नाव का?"

क्लार्कचं पेन चालू होतं. साहेब मात्र पुढं सरकून बसले. "कोणत्या वाटेवर म्हणालात?"

"वस्तीच्या वाटेवर. लिहा, सगळं लिहा. सरकारलाही कळू द्या."

"ही वाट कुठून कुठं जाते?"

"डांबरीपासून निघते, माझ्या बांधाच्या कडेनं, बाभळीखालून, ती थेट विहारापर्यंत. उतार तिथं अवघड आहे. चांगला चांगला माणूस सांभाळू शकत नाही, हे लिहा."

कडुबाला अजून काही उमजलं नव्हतं. मघाशी आपल्याला कागद मागितला आणि यांना कुणी काही मागत नाही, एवढंच त्याला टोचत होतं. लीलाबाईच्या मात्र डोक्यात उजेड पडला होता. तिनं नवऱ्याचं मनगट धरलं आणि कुजबुजली, "तोंड उघडू नका."

"रुंदी किती असेल?" साहेबांनी अगदी सहज विचारलं.

"रुंदीला काय कमी? माझ्या प्रचाराला ढोलवाले चौघा-चौघांच्या रांगेत गेले होते त्या वाटेनं. ढोल आडवे धरून."

कडुबा चुळबुळला. चौघांच्या नव्हत्या रांगा. तो त्या दिवशी तिथंच उभा होता, त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. लीलाबाईनं मनगटाला नख लावलं. कडुबानं ओठ मिटले, पंखे मोजले, खिडक्या मोजल्या. घामानं डबडबला. शेवटी त्याचा जीव राहीना. तो उभा राहिला.

"साहेब, माफ करा, पर रांगा दोघा-दोघांच्या व्हत्या."

लीलाबाईनं कपाळावर हात मारला. अमृता मॅडमनी टॅबमागं तोंड लपवलं.

काकासाहेब गर्रकन वळले. "मिरवणूक माझी होती का तुझी?"

"तुमची. पर दोघा-दोघांच्याच."

"चौघांच्या होत्या, साहेब. शेजारून माझी जीपसुद्धा चालली होती. हा माणूस माझी मिरवणूक बारीक करायला निघालाय. लिहा, चार ढोल आणि जीप. मी सही करतो."

"सहा मीटर तरी धरायला हरकत नाही," साहेब क्लार्कला म्हणाले. क्लार्कनं सगळं जबाब म्हणून वाचून दाखवलं: चाळीस वर्षांची वहिवाट, डांबरी ते विहार, चार ढोल, जीप. काकासाहेबांनी 'मास्तरीण'च्या पुढं 'दोन वेळा' असं घालून घेतलं आणि झोकदार सही ठोकली. साहेबांनी निर्णय सांगितला: हरकत मान्य, नाव वगळावं. मग एक्केचाळीस नंबरचा कागद परत पुढं ओढला, 'पुरावा नाही' यावर काट मारली आणि खाली लिहिलं, 'जागामालकाच्या जबाबानुसार रस्ता अस्तित्वात. सहा मीटर दाखवावा.' ते त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही. कागद नुसताच कडुबाकडं फिरवून धरला. कडुबानं वाचला. अक्षरं दिसेनाशी झाली म्हणून पुन्हा वाचला, आणि सभागृहात सगळ्यांदेखत, साठी उलटलेला माणूस बायकोचा हात धरून रडला.

काकासाहेब तोवर बाहेर गेले होते. टपरीवर त्यांनी स्वतःहून हाक मारली. जिंकलेला माणूस दिलदार होतो. "ये कडुबा, चहा घे. वहिनींना पण दे. मनात काही ठेवू नकोस. निघालं ना शेवटी नाव?"

लीलाबाईनं डोळ्यांनी खुणावलं, घोट घ्या आणि चला. पण कडुबाला कुणाचा चहा पिऊन गप्प बसणं बरं वाटेना.

"नाव निघालं, काकासाहेब," तो म्हणाला, "पर रस्ता आला. सहा मीटर. तुमच्याच जबाबावर. हरभरा काढून घ्या येत्या पंधरवड्यात, नाहीतर नुकसान व्हईल."

काकासाहेबांचा कप ओठापाशी थांबला. त्यांनी नगरपालिकेच्या दाराकडं बघितलं. दार बंद होत होतं, साहेबांची गाडी फाटकातून बाहेर पडली होती. चेहरा आधी पडला, मग लाल झाला.

"अरे, मग आत बोलायचं नाही का?"

"बोललो की," कडुबा म्हणाला. "दोघा-दोघांच्या रांगा व्हत्या म्हणून सांगितलं. तुमीच ऐकलं नाय."