तोंडावरून वारं गेलं तेव्हा

आठवीच्या वर्गाला स्नायूंचा धडा मी बावीस वर्षं शिकवत होते. स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. म्हणून ते जोडीनं काम करतात, एक हात दुमडतो आणि दुसरा तो सरळ करतो, हे सगळं फळ्यावर दंडाचं चित्र काढून सांगायचे. चेहऱ्याचे स्नायू मात्र एका वाक्यात उरकायचे. त्यांच्यावर परीक्षेत प्रश्न येत नसे.

एका सोमवारी सकाळी, जिंतूरच्या आमच्या घरी मोरीत मी चूळ भरली आणि सगळं पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून साडीवर ओघळलं. पुन्हा भरली, पुन्हा तेच. आरशात पाहिलं तर तोंड उजव्या कानाकडं निघालेलं, आणि डावा डोळा मिटायला सांगितलं तरी टक्क उघडा.

माझे मिस्टर वीज खात्यातून लाईनमन म्हणून निवृत्त झालेत. उभ्या आयुष्यात ते कशाला घाबरल्याचं मी पाहिलं नव्हतं, पण त्या सकाळी त्यांचा आवाज बदलला.

"दोन्ही हात वर कर," ते म्हणाले. मी केले.

"चालून दाखव." मी दाराप‌र्यंत जाऊन आले.

"आता माझं नाव सांग."

इथं मी अडखळले. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, पण मंगलकार्यातला उखाणा सोडला तर मी त्यांचं नाव कधी तोंडानं घेतलेलं नाही. मी गप्प राहिलेली बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"आठवत न्हाई?"

"आठवतंय हो. लाज वाटायलीय!"

"लाजायची येळ हाय का ही? सांग!"

सांगितलं. नावात एक प आहे, तो ओठातून हवेसारखा निसटून गेला. तेवढं ऐकूनही त्यांना इतका आनंद झाला की ते खाटेवर बसलेच.

गल्लीच्या तोंडावरच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, कपाळावर आठ्या घालायला सांगितलं आणि म्हणाले, "मेंदूचं वाटत नाही. पण आजच्या आज परभणीला नसांच्या डॉक्टरांना दाखवा." बाहेर एसटी उभीच होती, तीत बसलो. मिस्टर मागच्या बाजूला सुट्टे काढत होते आणि कंडक्टर माझ्यापुढं आला.

"हरहणी, दोन," मी म्हणाले.

"कुठं?"

"हरहणी!"

"हरणी? असलं गाव ह्या रूटला न्हाई, बाई."

परभणी हे गाव किती अवघड आहे ते मला त्या दिवशी कळलं. त्यात प आहे, भ आहे, आणि दोन्हींना ओठ घट्ट मिटावे लागतात. मी जोर करून तिसऱ्यांदा बोलले आणि बोलता बोलता माझी पापणी लवली. म्हणजे उजवी लवली. डावी उघडीच. कंडक्टर पन्नाशीचा, गळ्यात तुळशीची माळ घातलेला सज्जन माणूस होता. तो एक पाऊल मागं सरला. माझी पुन्हा पापणी लवली. माणसाची पापणी मिनिटाला किती वेळा लवते हे मी मुलांकडून पाठ करून घेतलेलं होतं, पण त्याचा असा हिशेब कधी केला नव्हता.

"आवं दादा," मिस्टर मागून ओरडले, "ती डोळा मारायली न्हाई! तिचा एक फेज गेलाय!"

सगळी बस वळून बघायला लागली. कंडक्टरनं खाली मान घालून तिकिटं फाडली. "परभणी. एक फुल, एक हाफ," तो म्हणाला. बायकांना अर्धं तिकीट असतं हे सगळ्यांना माहीत आहे. तरी मिस्टरांनी माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि खिडकीकडं तोंड करून वाटेतल्या झरीप‌र्यंत खांदे हलवत बसले. मला राग आला, पण रागही अर्ध्याच तोंडावर उमटला.

परभणीचे डॉक्टर तरुण आणि शांत होते. त्यांनी मला डोळे मिटायला, गाल फुगवायला, दात दाखवायला लावले. मग म्हणाले, "मॅडम, तुमचे स्नायू चांगले आहेत. त्यांना हुकूम देणारी नस कानामागं सुजली आहे."

"पण उजवीकडं ओढलंय ना?" मी विचारलं.

"उजवी बाजूच बरी आहे. डावीनं ओढायचं सोडलं, म्हणून उजवी सगळं आपल्याकडं घेऊन गेली."

बावीस वर्षं मी फळ्यावर हेच लिहीत होते. मला माझीच शरम वाटली. कपाळाचंही त्यांनी समजावलं. मेंदूतला बिघाड असता तर बहुधा आठ्या शाबूत राहिल्या असत्या. डावं कपाळही सपाट आहे, म्हणजे बिघाड नसेचा आहे. आठ्या गेल्या हे आनंदानं ऐकणारी मी पहिलीच बाई असेन. त्यांनी गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायचे थेंब दिले, झोपताना डोळ्यावर पट्टी चिकटवायला सांगितली आणि थोड्या दिवसांनी करायच्या व्यायामाचा कागद दिला. भुवया उचला, नाक आकसा, ओठांचा चंबू करा, गाल फुगवा, दात विचका, शीळ घाला.

"शीळ मला आधीपण येत नव्हती," मी म्हणाले.

"प्रयत्न करा," डॉक्टर म्हणाले.

आणखी एक गंमत घरी आल्यावर कळली. डाव्या कानाला सगळं मोठ्यानं ऐकू यायला लागलं. कुकरची शिट्टी झाली की मी दचकून उभी राहायची. कानाच्या आत एक स्नायू असतो, शरीरातला सगळ्यात लहान. मोठा आवाज आला की तो आतलं हाड घट्ट धरून ठेवतो. तोही याच नसेच्या हुकमातला, म्हणून तोही थंड पडला होता. मिस्टरांचा आवाज मुळातच खांबावरून खालच्या माणसाशी बोलण्याचा. त्यांना मी आठवडाभर उजवीकडंच बसवलं.

गल्लीत बातमी पसरली की मॅडमच्या तोंडावरून वारं गेलं. रोज कोणीतरी यायचं. एक लांबच्या मावशी कापडी पिशवीत जिवंत कबूतर घेऊन आल्या. त्याचं रक्त गालावर चोळायचं होतं. मी विज्ञानाची शिक्षिका आहे हे त्यांना समजावताना माझे ओठ साथ देईनात, आणि शेवटी मिस्टरांनी परसात जाऊन पिशवीचं तोंड उघडून दिलं. मावशी दोन महिने बोलल्या नाहीत.

न बोलणारी दुसरी बाई आमची शेजारीण. तिच्याशी माझं दोन वर्षांपासून बंद होतं, तिच्या शेवग्याचा पाला आमच्या गच्चीवर पडतो यावरून. आमच्या घरातलं काही ऐकायचंच नाही असं तिनं ठरवलेलं, म्हणून ही बातमीही तिला ठाऊक नव्हती. तिची स्वयंपाकघराची खिडकी आमच्या खिडकीसमोर, मध्ये हातभर बोळ. सकाळी तिथंच चांगला उजेड येतो, म्हणून मी व्यायामासाठी आरसा तिथं टांगला. भुवया उचल, नाक आकस, दात विचक, चंबू कर, पुन्हा दात विचक, असं दहा-दहा वेळा. आरसा लहान होता, त्याच्यापलीकडं काय आहे ते मी बघितलंच नाही.

चौथ्या दिवशी ती आमच्या दारात आली. हाताला कणीक तशीच होती.

"मॅडम, तुमी शिकलेल्या बाई. दोन वर्षं बोलला न्हाईत, ते मी सोसलं. पण रोज सकाळी मला तोंड वेंगाडून दाखवायलाव, ते कामून?"

मी सांगायला तोंड उघडलं. आधी पापणी लवली.

"वरून डोळा मारायलाव!"

"अहो, आजार आहे," मी म्हणाले, पण ते ऐकून घ्यायला ती तयार नव्हती. मग मी बोलायचा नाद सोडला आणि डॉक्टरांचा कागद तिच्या हातात दिला. तिनं तो कणकेच्या बोटांनी धरून सगळा वाचला. मग माझ्याजवळ आली आणि माझा डावा गाल चिमटीत धरून हलवून बघितला, भाकरी भाजली का बघावी तसा.

"अगं माय," ती म्हणाली. "दुखायलंय का?"

"नाही."

"मग रडायलाव का?"

"डोळा मिटत नाही, म्हणून पाणी येतं," मी म्हणाले. ते निम्मं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आरशापुढं उभी राहिले तर ती पलीकडच्या खिडकीत तयार. "आरसा काढा तो. मी करते, माझं बघून करा." तिनं भुवया उचलल्या. मी उचलल्या, एक उठली. तिनं गाल फुगवले. तिनं दात विचकले तेव्हा मला इतकं हसू आलं की मी खाली बसले. पन्नाशीच्या दोन बायका रोज सकाळी बोळातून एकमेकींना तोंडं करून दाखवतात, हे दूधवाल्यानं पुढच्या तीन गल्ल्यांत कळवलं.

आठ दिवसांनी शाळेत गेले. मुलं खाली बघून हसत होती. लपवण्यात अर्थ नव्हता, मी खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "या, बघा जवळून." स्नायूंचा धडा मी त्या दिवशी चित्राशिवाय शिकवला. दंडाचे स्नायू एका हाडापासून दुसऱ्या हाडाप‌र्यंत जातात, पण चेहऱ्याचे हाडापासून निघून कातडीला चिकटतात, म्हणून आतला राग बाहेर दिसतो. मुलांनी आपापले गाल ओढून पाहिले. पहिल्या बाकावरची एक मुलगी गंभीरपणे म्हणाली, "मॅडम, तुमी डाव्या अंगानं बघितलं की राग आलाय का न्हाई, कायबी कळत न्हाई."

"मग?"

"मग लय भ्या वाटतं."

त्या दिवसापासून वर्गात शिस्तीसाठी मी फक्त डावीकडून बघत असे.

पाचव्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी खिडकीत आमचा व्यायाम चालू होता. दात विचकायची पाळी होती. शेजारीण एकदम थांबली, डोळे बारीक केले, आणि जोरात ओरडली, "हाललं! हाललं!"

आमच्या भागात अधूनमधून जमीन हलते. भांडी थरथरतात, बस्स, एवढंच; पण लोकांच्या मनात धाक आहे. तिचं ओरडणं ऐकून आजूबाजूच्या घरांतली माणसं धावत रस्त्यावर आली. कोणी पोरांना काखेत मारून आलं, कोणी दाढीचा फेस तसाच घेऊन. समोरचे गुरुजी तर टॉवेलवरच. मिस्टरांनी आधी मीटरचं मेन बटण बंद केलं, सवयीनं, आणि मग मला ओढत बाहेर आणलं.

"कुठं हाललं? किती येळ हाललं?" सगळे विचारायला लागले.

"मॅडमचा गाल!" शेजारीण बोळातून पळत येत म्हणाली. "डावा! इथं, कोपऱ्यात!"

मग गुरुजी टॉवेल सावरत म्हणाले, "बघू."

आणि तिथं भर रस्त्यात, तीस-चाळीस माणसांपुढं, मी दात विचकले. तोंडाचा डावा कोपरा केसभर वर गेला आणि परत आला. एवढंच. पण सगळ्यांनी ते पाहिलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मिस्टर माझ्यापुढं उभे होते, तोंड उघडं टाकून, आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "परत कर. परत कर की."

चेहरा पूर्ण यायला आणखी दोन महिने लागले. थोडं राहिलंच. हसले की माझा डावा डोळा आपोआप बारीक होतो. डॉक्टर म्हणाले, नसेचे धागे परत वाढताना काही धागे वाट चुकले, ओठाचा हुकूम डोळ्यालाही जातो. ते आता असंच राहणार. फोटोत ते दिसतं. शेजारीण म्हणते, बरं दिसतं, लबाड दिसता. सकाळी पोळ्या लाटताना ती अजून खिडकीत उभी असते आणि काही कारण नसताना गाल फुगवून दाखवते. मीही दाखवते.