गच्चीवरची सात कुत्री

विद्यापीठातल्या नायेलीने गच्चीच्या खुंटीवरची हवा मोजायची डबी काढली आणि नवी न लावता पिशवीत टाकली. एउलालियाला तिथेच शंका आली.

"खरं सांग, बाळा. कायमची नेतेयस ना?"

"एउलालियाबाई, तुमच्या गच्चीवरचा अमोनियाचा आकडा शहरात सगळ्यांत जास्त आलाय. पण आमचे सर म्हणतात, हा अमोनिया कुत्र्यांच्या मुताचा. अशी जागा अभ्यासात धरता येत नाही."

एउलालिया एकवीस वर्षं या इमारतीची राखणदार. सात बिऱ्हाडांची सात कुत्री गच्चीवर राहत, मेक्सिको शहरात ती आणखी कुठे राहणार? वासाची तिच्या नाकाला सवय झाली होती. पण तिची मुलगी ओफेलिया दर हिवाळ्यात दम्याने बेजार होई. हा वायू गाड्यांच्या धुरात मिसळला की हवेतच बारीक धूळ तयार होते आणि ती छातीत उतरते, हे नायेलीनेच तिला सांगितले होते. पूर्वेकडच्या वस्तीत ही एकच डबी होती. ती गेली की इकडची हवा कोणी मोजणार नव्हते.

"कुत्री हलवली तर?"

"सातही? पंधरा दिवस?" नायेलीला हसू आले.

"सरांना थांबायला सांग."

तिसऱ्या मजल्यावरचा फेर्मीन खाटीक दारातच अडला. "माझा कनेलो चोरांवर नजर ठेवतो."

"मागच्या महिन्यात तुमचीच गॅसची टाकी गच्चीवरून चोरीला गेली. तेव्हा कनेलो काय करत होता, चोराला वाट दाखवत होता?"

"तुझं काय जातंय? तुझ्याकडे कुत्रं नाही."

"आणा की. माझ्याकडेच ठेवते."

फेर्मीनने खरेच आणून सोडले. मग आणखी दोघांनी. ओफेलियाला केसांचा त्रास नको म्हणून एउलालियाने तिघांना जिन्याखाली बांधले. उरलेल्या चौघांनी लाजेकाजेस्तव आपापली घरात घेतली. गच्ची धुवायला टँकरचे पाणी कोण देणार? घराघरातले कपडे खळबळलेले शेवटचे पाणी बादल्यांत साठवून तिने तीन दिवस फरशी घासली. चौथ्या दिवशी सरांना विचारून नायेलीने नवी डबी लावली.

पंधरा दिवसांनी ती आकडा घेऊन आली तेव्हा सगळे जिन्यात जमले होते.

"निम्म्यावर आलाय."

"म्हणजे गुन्हेगार माझा कनेलोच," फेर्मीन म्हणाला.

"अर्ध्याचा. उरलेला गटारांचा आणि गाड्यांचा आहे, आणि तोसुद्धा शहराच्या मध्यभागातल्यापेक्षा जास्त आहे. सरांनी तुमची गच्ची अभ्यासात धरलीय. पण मोजणी वर्षभर चालणार."

"वर्षभर?" फेर्मीनचा आवाज चढला. "कुत्रं काय मांडीवर घेऊन बसू?"

एउलालियाने जिन्याखालच्या तिन्ही दोऱ्या सोडल्या आणि कनेलोची फेर्मीनच्या हातात दिली.

"कुत्री आपापल्या घरात राहतील, आणि सकाळी सातही बागेपर्यंत फिरवून आणायची. सोमवार तुमचा. मंगळवारी मी नेते. बुधवार कोणाचा, ते आत्ताच सांगा, तोवर मी इथून हलत नाही."

फेर्मीनने दोरी मनगटाला गुंडाळली. मग वरच्या पायरीवरून कोणीतरी हात वर केला.