डब्याचं झाकण

"अहो, एवढं दाबू नका. पोराला उघडायला पाहिजे."

डब्याचं झाकण लावणं माझ्याकडे होतं, कारण आमच्या हिच्या बोटांत जोर राहिला नव्हता. त्या मंगळवारीही तिने पोळ्या आणि मेथीची भाजी भरली, मी झाकण दाबलं आणि तिने नेहमीचं सुनावलं. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते.

आयर्लंडात लिक्सलिप गावी मुलाकडे राहायला आलो तेव्हा तेजी होती. मुलगा डब्लिनला ऑफिसात जायचा. म्हणाला, "आई, तिथे सगळं फुकट. नाश्ता, जेवण, वर आइस्क्रीम." हिचा स्टीलचा डबा प्रेसमध्ये गेला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात.

ही म्हणाली, "फुकट जेवू घालतात? मग घरी कधी सोडतात?"

तुम्हीही पाहिलं असेल, मंदी आधी ताटात दिसते. आइस्क्रीम बंद झालं, मग नाश्ता, मग माणसं. मुलाला मेल आला, तुमच्या योगदानाबद्दल आम्ही आभारी आहोत. दुपारी त्याच्या कार्डाने ऑफिसचं दार उघडेना. आमच्या कारखान्याला टाळं लागलं तेव्हा निदान शिव्या घालायला गेटवर मॅनेजर तरी होता. मी सातवी नापास. आभार मानून माणूस हाकलायला किती शिकावं लागतं कोण जाणे.

मुलगा दुपारपर्यंत अंथरुणात पडून राहायला लागला. कोणी कसा आहेस विचारलं तर इथल्यासारखं म्हणे, "ग्रँड!" म्हणजे मजेत. टीव्हीवर एक लढाई थांबत होती, दुसरी पेटत होती. मी म्हणालो, "आता कसल्या नोकऱ्या!"

"मग दोन लढायांच्या मध्ये माणसांनी जेवून घ्यावं," ही म्हणाली आणि तिने डबा बाहेर काढला.

"आई, ऑफिस गेलं. डबा कशाला?"

"ऑफिस गेलं, पोट गेलं का? ऊठ. लायब्ररीत बसून अर्ज कर."

उठला. रोज नऊला डबा घेऊन जाऊ लागला, दाढी करून.

त्या मंगळवारी तो लायब्ररीत असताना ही खुर्चीत बसल्या बसल्या गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा जिन्याच्या पायरीवर बसून होता. हा आता वर जाऊन पुन्हा आडवा होईल, याची मला धास्ती. मी कणीक मळली. पोळ्या जाड झाल्या, कडेला करपल्या. भरलेला डबा त्याच्यापुढे ठेवला.

"बाबा, आज कशाला?"

"कालची मेथी आहे. तिनं केलेली."

तो झाकण ओढत राहिला. निघेना. मीच फार दाबलं होतं. शेवटी त्याने डबा धरला आणि मी झाकण ओढलं.