चाखलं की उष्टं

पळी डाव्या हातात घ्यायची, उजव्या तळहाताची वाटी करायची, तिच्यात डाळीचे चार थेंब सोडायचे, तळहात ओठांशी न्यायचा आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ वर्गातली मुलं अगदी गप्प. डोळे उघडले की वाक्य ठरलेलं असे. "पहले तुम चखो, फिर हम बोलेंगे."

गंगेच्या काठी, रामघाटाच्या वरच्या अंगाला आमची शाळा आहे, सहावी ते आठवीची. मी तिथे संस्कृत शिकवते. पळी धरणारे ते गृहस्थ स्वयंपाक शिकवत. कागदावर त्याला व्यावसायिक शिक्षण असं भारदस्त नाव होतं, पण शाळेत सगळे जुन्या सवयीने गृहशिल्पच म्हणत. मुलं त्यांना मास्साब म्हणायची, मी मास्तर म्हणायची. ते माझ्याच गल्लीत दोन दारं सोडून राहत आणि वयाने मोठे असूनही मला ताई म्हणत.

तळहाताची ती सवय त्यांना फार उशिरा लागली. त्यांचे वडील श्राद्धाचा स्वयंपाक करणारे आचारी. तुम्ही असा स्वयंपाक जवळून पाहिला असेल, तर तुम्हाला ठाऊक असेल की तिथला आचारी कधी चाखून बघत नाही. पितरांच्या आधी कुणाच्या जिभेला अन्न लागता कामा नये. मिठाचा अंदाज वासावर आणि उकळीच्या रंगावर. "चाखलं की उष्टं," हे वडिलांचं वाक्य मास्तरांनी पळी धरण्याआधी ऐकलेलं. वडिलांची एक खूण होती. वरणाच्या फोडणीत ते तुपात लवंग तडतडवत आणि वाढण्याआधी ती वेचून काढत. लवंग दिसायची नाही, नुसता वास मागे राहायचा. ब्रह्मा घाटापासून इकडे आमच्या मराठी घरांत तो वास आला की लोक आचाऱ्याचं नाव विचारत नसत.

पुढे वडील गेले. यजमानांची मुलं पुण्याला, बंगळुरूला गेली. उरलेली घरं तेराव्याचं जेवण बाहेरून मागवू लागली. मास्तरांनी चाळिशीत पाककलेचा सरकारी अभ्यासक्रम केला, विशीतल्या मुलांच्या मांडीला मांडी लावून, आणि आमच्या शाळेत हंगामी जागेसाठी अर्ज केला. मुलाखतीत व्यवस्थापक हसले. "गृहशिल्प तो महिलाएँ पढ़ाती हैं, पंडितजी."

"तेरहवीं का खाना तो मर्द ही बनाते हैं, साहब," मास्तर म्हणाले.

जागा मिळाली. शिक्षकांच्या खोलीत पहिले काही महिने गणिताचे सर त्यांना बघून ओरडायचे, "लीजिए, गृहशिल्प वाली बहनजी आ गईं!" मास्तर झोळी खुंटीला अडकवत म्हणायचे, "आ गईं भैया. आप ज़रा चूल्हा फूँक दीजिए."

शिकवता मात्र त्यांना येत नव्हतं. वडिलांनी त्यांना बोलून काही शिकवलंच नव्हतं, तसेच तेही मुलांकडे पाठ करून मुकाट्याने रांधत. मुलांची पातेली आली की वर झुकून वास घेत आणि सांगत, नमक कम, हल्दी कच्ची. मुलांना हा जादूचा खेळ वाटे, पण स्वतःच्या डाळीत काय चुकलं ते काही कळत नसे.

एक दिवस सहावीतली एक मुलगी आपली पहिली पोळी घेऊन उभी राहिली. तिच्या घरचे लोक मणिकर्णिका घाटावर चिता रचतात, चितेला लागणारा अग्नी त्यांच्याकडून घ्यावा लागतो. हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. मास्तर पोळीवर झुकले, वास घेतला, म्हणाले, "अच्छी है."

"चखे बिना?" तिने विचारलं. मग जरा थांबून, "मास्साब, हमारे हाथ की है, इसलिए नहीं चखते?"

मी त्या वेळी सांडशी मागायला आले होते, दारातच उभी होते. मास्तरांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्याला हे कधी सुचलंच कसं नाही, अशा नजरेने ते त्या पोळीकडे बघत राहिले. मग त्यांनी तुकडा मोडला आणि खाल्ला. एक तुकडा नाही, सबंध पोळी खाल्ली. "किनारा कच्चा है," ते म्हणाले. "अब तुम चखो."

त्या दिवसापासून ते शिक्षक झाले, असं मला वाटतं.

गल्लीत बातमी त्यांच्या आधी पोचली. घरी फक्त आई होती, आम्ही तिला काकू म्हणायचो. मास्तरांचं लग्न झालेलं नव्हतं. काकूंचं सोवळं कडक, पण जीभ मऊ. शेजारच्या भटजींनी ओसरीवरून हाक मारून विचारलं, "काकू, चिरंजीव आज कुणाच्या हातचं जेवले, ठाऊक आहे का?" संध्याकाळी मास्तर घरी आले तेव्हा त्यांची एक थाळी, एक तांब्या आणि एक पातेलं बाहेरच्या सज्जात ठेवलेलं होतं.

"तू तिकडे करून घेत जा," काकू म्हणाल्या. "मला आता या वयात बदलता यायचं नाही."

भांडण झालं नाही. एका छपराखाली दोन चुली झाल्या. मास्तर सज्जात रांधत, काकू आत. रोज रात्री आतून प्रश्न येई, "जेवलास का रे?" आणि बाहेरून उत्तर जाई, "हो आई." गल्ली अरुंद होती, दोन दारांपलीकडे मलाही ऐकू यायचं. मास्तर एकदा मला म्हणाले, "ताई, शाळेतली शंभर पोरं माझ्या हातचं खातात. घरातलं एक माणूस खात नाही." ते हसून म्हणाले, म्हणून मीही हसले.

काही वर्षांनी काकू न्हाणीत पडल्या. मांडीचं हाड मोडलं, अंथरूण धरलं. स्वतःचं रांधणं संपलं. केळं, लाह्या आणि दूध यांवर त्या राहू लागल्या आणि दिवसेंदिवस वाळत गेल्या. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न गेलं पाहिजे. माझ्या हातचं त्यांना चालत होतं, पण शाळा आणि माझं घर सांभाळून दोन्ही वेळचं पथ्याचं करणं मला जमेना. तेव्हा मास्तरांनी एक उपाय सुचवला.

"रांधतो मी. तुम्ही फक्त आत नेऊन द्या. तुमच्या घरचं म्हणून."

"आणि कळलं तर?"

"तुमच्यासारखं करीन ना. जिरं आणि हिंग. माझा हात दिसणार नाही."

ते तसंच करत. माझ्या स्वयंपाकघरात येऊन, माझ्या भांड्यांत, माझ्यासारखा मऊ भात आणि वरण. चाखत नसत. आईसाठी रांधताना ते पुन्हा वडिलांचे झाले होते, वासावर चालत. मी वाटी घेऊन आत जाई, ते दाराआड उभे राहत. काकू चमच्याचमच्याने घेत. "तुझ्या हाताला चव आहे हो," त्या एकदा म्हणाल्या. "आमच्या ह्याला जरा शिकव. बाहेर काय उकडून खातो कोण जाणे." मी बाहेर आले तर मास्तर तोंडावर पंचा धरून उभे होते. हसत होते की काय, ते मला सांगता येत नाही.

काकूंच्या अंगावर थोडं मांस आलं. उशीला टेकून बसू लागल्या.

मग एके दिवशी वाटी उचलताना मला तो वास आला. मी मास्तरांकडे पाहिलं. ते विळीवर कोथिंबीर चिरत होते, मान वर केली नाही. ती वाटी मागे ठेवायला हवी हे मला कळत होतं. पण त्यांच्या पाठीकडे पाहून मला तसं म्हणवेना.

काकूंनी चमचा उचलला आणि तो अर्ध्यावर थांबला.

"लवंग?"

"हो काकू."

"घालून काढलीस?"

"हो."

त्यांनी चमचा वाटीत ठेवला, आवाज न करता. दाराकडे पाहिलं. दाराआडून मास्तरांच्या धोतराचा काठ दिसत होता, की मलाच तसं वाटलं. "आज भूक नाही गं," त्या म्हणाल्या. "मला जरा आडवं कर." आणि मग, डोळे मिटल्यावर, "तो जेवला का, विचार."

त्यानंतर त्यांनी माझ्याही हातचं अन्न घेतलं नाही. रागावल्या नाहीत, कारण सांगितलं नाही. गंगेचं पाणी तेवढं घेत, तेही ओठ ओले होण्यापुरतं. मास्तर पायाशी बसून विनवत, "आई, ताईच करेल, मी शिवणारसुद्धा नाही." त्या त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत आणि मान हलवत. आठवडा संपायच्या आत त्या गेल्या.

"लवंग घालायला नको होती, ताई," मास्तर मला म्हणाले. "मला वाटलं, तिला एकदा कळावं. एवढे दिवस खातेय, ते माझं आहे म्हणून." मग म्हणाले, "कळलं."

ते पुढे दोनच वर्षं जगले. शाळेत येत, तळहातावर थेंब घेत, डोळे मिटत. चव सांगायला मात्र वेळ लावू लागले. मुलं चुळबुळायची. गेल्या थंडीत छातीत कफ झाला आणि रुग्णालयातून ते घरी परतलेच नाहीत. ग्वाल्हेरहून एक चुलतभाऊ आला, त्याने सगळं केलं. त्यांची जागा भरलेली नाही. स्वयंपाकाच्या खोलीत सध्या मोडकी बाकं ठेवली आहेत. पोळी घेऊन उभी राहिलेली मुलगी शाळेतून कधीच बाहेर पडली, पण खबर कळल्यावर दारापर्यंत आली होती. "मास्साब के यहाँ कौन है?" तिने विचारलं. मी म्हटलं, "कोई नहीं, बेटा."

माझ्या मनात मात्र ते अजून काकूंच्या दहाव्याच्या दिवशीचे आहेत. मी घाटाच्या वरच्या पायरीवर बसले होते. खाली त्यांनी स्वतः चूल मांडली, स्वतः भात शिजवला. मुंडण केलेलं, ओला पंचा. पातेलं उतरवताना त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं.

"ताई, आता तिला घ्यावंच लागेल," ते म्हणाले. "आता माझ्याच हातचं."

भटजींनी ऐकलं नसावं, ते मंत्र सांगत राहिले. मास्तरांनी पिंड वळले, मांडले. कावळा लगेच शिवला की वाट पाहावी लागली, असं लोक नंतर विचारत होते. मला सांगता आलं नाही, मी तिकडे पाहत नव्हते. पिंड ठेवून झाल्यावर त्यांच्या उजव्या तळहाताला भाताची शितं चिकटून राहिली होती. तळहाताची आपोआप वाटी झाली. ती हळूहळू वर निघाली, ओठांच्या अगदी जवळ आली, आणि त्यांनी डोळे मिटले.

तिथेच तो हात थांबला. बराच वेळ तसाच राहिला. मग ते वाकले आणि त्यांनी तो गंगेत धुतला.